टोचन लावण्यापूर्वी दोन मिनिटे थांबा

विजेवरच्या मालवाहू गाडीला ओढून नेण्याची रीत निराळी. जुन्या सवयीने मोटर निकामी होण्याचा धोका

कोल्हापूर - बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला दोर लावून ओढून नेण्याला चालकांच्या भाषेत 'टोचन' म्हणतात. पुणे-बंगळूर महामार्गावर तावडे हॉटेलजवळ, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी किंवा गगनबावड्याच्या वाटेवर हे दृश्य नित्याचे आहे. पुढे एखादा ट्रक, मागे पाच-सहा हातांचा दोर आणि त्यामागे गिअर 'न्यूट्रल'मध्ये टाकून स्टिअरिंग सांभाळत बसलेला चालक. डिझेलच्या गाड्यांच्या बाबतीत ही रीत वर्षानुवर्षे चालत आली आणि बहुतेक वेळा ती निभावूनही गेली.

आता याच रस्त्यांवर हिरव्या नंबरपाटीच्या, विजेवर चालणाऱ्या मालवाहू गाड्या दिसू लागल्या आहेत. दिसायला त्या जुन्या 'छोटा हत्ती'सारख्याच असल्या, तरी ओढून नेण्याच्या बाबतीत त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. मदतीच्या हेतूने लावलेल्या टोचनानेच त्यांची मोटर किंवा तिचा नियंत्रक जळण्याची शक्यता असते. एखादा फ्यूज बदलून सुरू होऊ शकणारी गाडी मग मोठ्या दुरुस्तीसाठी उभी राहते. कर्ज काढून गाडी घेणाऱ्या आणि तिच्या रोजच्या फेऱ्यांवर हप्ते फेडणाऱ्या चालक-मालकाला हा फटका परवडणारा नसतो. म्हणूनच दोर बांधण्यापूर्वी या गाड्यांची रचना समजून घेणे आवश्यक ठरते.

हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे

टाटा मोटर्सने 'एस' ही छोटी मालवाहू गाडी मे २००५ मध्ये बाजारात आणली आणि 'छोटा हत्ती' या नावाने ती गावोगावी पोहोचली. तिची विजेवर चालणारी आवृत्ती मे २०२२ मध्ये सादर झाली. तिच्या बॅटरीची क्षमता २१.३ किलोवॉट-तास होती. महिंद्राची 'झिओ' ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, तर जून २०२५ मध्ये टाटांनी 'एस प्रो' ही आणखी लहान गाडी विजेवरच्या आवृत्तीसह बाजारात आणली. गांधीनगरची कापडपेठ, शाहू मार्केट यार्ड, शिवाजी उद्यमनगर आणि शिरोलीची औद्योगिक वसाहत यांच्या दरम्यान होणाऱ्या कमी पल्ल्याच्या वाहतुकीसाठी अशा गाड्या सोयीच्या आहेत.

रस्त्यात उभी असलेली गाडी विजेवरची आहे की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. व्यावसायिक वापराच्या विद्युत वाहनाची नंबरपाटी हिरवी आणि अक्षरे पिवळी असतात. खासगी वाहनाच्या हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असतात. मदतीला धावून जाणाऱ्याने सर्वप्रथम ही पाटी पाहावी आणि पाटी हिरवी असेल, तर दोर खाली ठेवावा.

'न्यूट्रल' नावापुरते

डिझेलच्या गाडीत गिअर 'न्यूट्रल'ला आणला, की इंजिन आणि चाके यांच्यातील जोड खरोखरच सुटतो. चाके फिरली, तरी इंजिन स्वस्थ राहते. याउपर काळजी घ्यायची असेल, तर अनुभवी मिस्त्री मागच्या धुरीकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्टच सोडवून ठेवतात, म्हणजे गिअरबॉक्सही फिरत नाही.

विजेवरच्या गाडीत असे होत नाही. तेथे बहुधा पाच-सहा गिअर नसतात आणि क्लचही नसतो. मोटर, तिची गती कमी करणारी दंतचक्रे आणि चाके हे सारे कायमचे एकमेकांना जोडलेले असते. चालकासमोरच्या बटणावर 'एन' असे अक्षर असले, तरी ते दाबल्याने दंतचक्रे वेगळी होत नाहीत. मोटरला होणारा वीजपुरवठा तेवढा थांबतो. म्हणजेच गाडी ओढली, की चाकांबरोबर मोटरही फिरू लागते. अनेक गाड्यांत मोटर थेट मागच्या धुरीवरच बसविलेली असल्याने सोडवून ठेवायला शाफ्टही नसतो.

ती किती वेगाने फिरते, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. चाकाचा घेर पावणेदोन मीटर आणि दंतचक्रांचे प्रमाण साधारण एकास दहा धरले, तर ताशी २५ किलोमीटर वेगाने ओढताना मोटरचे मिनिटाला सुमारे २,४०० फेरे होतात. हाच वेग ५० वर नेला, तर फेरे ४,८०० च्या घरात जातात. गाडी बंद आहे, असे आपण म्हणतो. मोटर मात्र आत भिरभिरत असते.

मोटरचे जनित्र होते

मोटर आणि जनित्र ही एकाच यंत्राची दोन रूपे आहेत. वीज दिली की ते फिरते आणि बाहेरून फिरवले की ते वीज देते. सायकलच्या डायनामोने दिवा लागतो, तो याच तत्त्वावर. विजेवरच्या अनेक गाड्यांतील मोटरींच्या फिरत्या भागात शक्तिशाली कायम चुंबके बसविलेली असतात. अशी मोटर चाकांच्या जोराने फिरली, की तिच्या तारांमध्ये वीज निर्माण होतेच. कोणतेही बटण ती थांबवू शकत नाही. वेग वाढेल तसा तिचा दाबही वाढतो.

गाडी चालू असताना ही वीज उपयोगी पडते. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला, की मोटर जनित्र बनून बॅटरी भरते आणि गाडीला रोखूनही धरते. गाडी बंद असताना मात्र बॅटरीचे मुख्य स्विच सुरक्षिततेसाठी उघडे असतात. निर्माण झालेल्या विजेला बॅटरीत जायला वाट नसते. ती मोटरच्या नियंत्रकात, म्हणजे इन्व्हर्टरमध्ये शिरते. वेग फार वाढला, तर त्यातील नाजूक भागांना सोसवणार नाही इतका दाब तेथे निर्माण होऊ शकतो. त्याच वेळी मोटर थंड ठेवणारा पंप किंवा पंखा बंद असतो. उष्णता तयार होते आणि ती बाहेर पडत नाही.

वेग कमी ठेवला तर हे टळेल, असा युक्तिवाद केला जातो आणि धडधाकट गाडीच्या बाबतीत तो काही अंशी खराही आहे. परंतु ओढायची वेळ येते ती बिघडलेल्या गाडीला. बिघाड नेमका कोठे आहे, हे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक नसते. मोटरच्या वेटोळ्यांत किंवा इन्व्हर्टरमध्येच शॉर्ट झाले असेल, तर निर्माण होणारी वीज तेथल्या तेथे फिरत राहते. मोटर ब्रेक लावल्यासारखी अडते आणि कमी वेगातही तापत जाते. दोर ओढणाऱ्याला गाडी जड लागते इतकेच समजते आणि तो ॲक्सिलरेटर अधिक दाबतो.

सर्वच मोटरींत कायम चुंबके नसतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. इंडक्शन प्रकारच्या मोटरीत चुंबकत्व बाहेरून पुरविलेल्या विजेने निर्माण होते. त्यामुळे वीज बंद असताना ती अशा रीतीने जनित्र बनत नाही. पण मोटर कोणत्या प्रकारची आहे, हे बाहेरून दिसत नाही. तेव्हा गाडीबरोबर मिळालेले माहितीपुस्तक हाच अखेरचा शब्द मानावा. अमेरिकेतील टेस्ला कंपनीच्या माहितीपुस्तकात चाके जमिनीवर फिरतील अशा रीतीने गाडी नेऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे मोठे नुकसान होऊ शकते आणि क्वचित अतिउष्णतेने आसपासचे भाग पेट घेऊ शकतात, असा इशाराही त्यात आहे.

पुढचा भाग उचलला, तरी?

आपल्याकडे टोचनाखेरीज दुसरी सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे हायड्रा क्रेनने गाडीचा पुढचा भाग उचलून ती मागच्या चाकांवर फरफटत नेणे. पुढच्या चाकांना शक्ती मिळणाऱ्या मोटारीसाठी ती चालू शकते. मालवाहू गाडीत मात्र मोटर बहुधा मागच्या चाकांना जोडलेली असते, कारण भार हौद्यात, म्हणजे मागे असतो. साहजिकच पुढचा भाग उचलला, की जी चाके फिरू नयेत तीच जमिनीवर राहतात. पाहणाऱ्याला गाडी सुरक्षित उचलली असे वाटते. प्रत्यक्षात दोराने ओढण्यात आणि यात मोटरच्या दृष्टीने काहीच फरक नसतो.

क्रेनचा पट्टा कोठे अडकवला जातो, हा आणखी एक प्रश्न आहे. या गाड्यांची बॅटरी हौद्याखाली, चासीच्या दोन पट्ट्यांच्या दरम्यान बसविलेली असते. डिझेलच्या गाडीला जेथे साखळी गुंडाळायची सवय आहे, तेथेच आता बॅटरीची पेटी आणि तिच्या तारा आहेत. नारिंगी रंगाच्या जाड तारा या मुख्य वीजप्रवाहाच्या असतात. बॅटरीच्या थेट प्रवाहात ६० व्होल्टच्या पुढील दाब वाहनांच्या मानकांमध्ये धोकादायक गटात धरला जातो. या तारांना हात लावू नये, त्यांना ताण बसेल अशी साखळी घालू नये आणि बॅटरीच्या पेटीखाली जॅक लावू नये.

एकूण नियम एका वाक्यात सांगायचा तर असा : ज्या चाकांना मोटर जोडलेली आहे, ती चाके जमिनीवर फिरता कामा नयेत. कोणती चाके मोटरला जोडलेली आहेत याची खात्री नसेल, तर चारही चाके उचलावीत.

ओढण्याची खरेच गरज आहे का?

गाडी जागची हलत नाही याचा अर्थ ती ओढूनच न्यावी लागेल, असा नाही. विजेवरच्या गाडीतही १२ व्होल्टची एक लहान बॅटरी असते. दिवे, पडदा, नियंत्रणाची यंत्रणा आणि मोठ्या बॅटरीचे मुख्य स्विच तिच्यावर चालतात. ही लहान बॅटरी उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. अशा वेळी माहितीपुस्तकात दिलेल्या पद्धतीने लहान बॅटरीला बाहेरून १२ व्होल्टचा आधार दिला, की काम भागते. दोराची गरजच उरत नाही.

दुसरे कारण चार्जिंग संपण्याचे. ज्या गाड्यांना १५ अँपिअरच्या सॉकेटवरून चार्ज करण्याची सोय आहे, त्यांना जवळच्या धाब्याचा, पिठाच्या गिरणीचा किंवा दूध संस्थेचा सॉकेट उपयोगी पडतो; मात्र चार्जिंगची केबल गाडीत हवी आणि सॉकेटला अर्थिंग हवे. अशा सॉकेटमधून तासाला साधारण तीन किलोवॉट-तास वीज मिळते. २१.३ किलोवॉट-तासांची बॅटरी माल भरून शंभर-सव्वाशे किलोमीटर जाते असे धरले, तर एका तासात पंधरा किलोमीटरपर्यंतची सोय होते. पुढच्या चार्जिंग केंद्रापर्यंत पोहोचायला तेवढे अनेकदा पुरते. गाडी सॉकेटपासून दूर थांबली असेल, तर सेवा केंद्राला दूरध्वनी करून वाहून नेणाऱ्या गाडीची वाट पाहणे, हाच शहाणपणाचा मार्ग.

गाडी ओढली की बॅटरी आपोआप भरते, असा एक समज चलचित्रफितींमुळे पसरला आहे. तांत्रिकदृष्ट्या तो पूर्णपणे खोटा नाही. गाडी 'ड्राइव्ह'मध्ये ठेवून ओढल्यास मोटर वीज निर्माण करते. पण ती वीज पुढच्या गाडीच्या डिझेलमधूनच येते. मागची गाडी सतत ब्रेक लावल्यासारखी अडत असल्याने दोरावर आणि हुकावर मोठा ताण पडतो आणि हा ताण कमीजास्त झाला, की धक्के बसतात. उत्पादकांच्या माहितीपुस्तकांतील सूचनांच्या हे थेट विरुद्ध आहे. रस्त्यावर हा प्रयोग करू नये.

योग्य रीत कोणती?

विजेवरची गाडी हलविण्याची सर्वांत सुरक्षित पद्धत म्हणजे सपाट हौद्याच्या गाडीवर, ज्याला 'फ्लॅटबेड' म्हणतात, ती चारही चाकांसह चढवून नेणे. फ्लॅटबेड उपलब्ध नसेल आणि क्रेनच वापरावी लागली, तर मोटर जोडलेली चाके उचलावीत किंवा त्यांच्याखाली चाके असलेले छोटे गाडे द्यावेत. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. अनेक उत्पादक आणि विमा कंपन्या रस्त्यावरील मदतीची सेवाही देतात. दूरध्वनी करताना 'गाडी विजेवरची आहे, फ्लॅटबेडच पाठवा' असे स्पष्ट सांगावे. अन्यथा सवयीप्रमाणे हायड्रा येऊन उभी राहते. गाडी कोणत्या चाकांवर चालते आणि तिच्यात किती माल आहे, हेही त्याच वेळी सांगावे.

गाडी चढविण्यापूर्वी माल उतरविणे शक्य असेल, तर तो उतरवावा. चढविताना विंचचा हुक केवळ उत्पादकाने दिलेल्या ओढणीच्या कडीलाच लावावा. काही गाड्यांत ही कडी वेगळी ठेवलेली असते आणि बंपरमागील जागेत फिरवून बसवावी लागते. किल्ली 'ऑन' करून गाडी 'एन'मध्ये आणावी, हँडब्रेक सोडावा आणि विंचने माणसाच्या चालीने ती वर घ्यावी. वर पोहोचल्यावर हँडब्रेक लावावा, चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे द्यावेत आणि पट्टे चाकांवरून आवळावेत. बॅटरीची पेटी किंवा धुरीजवळच्या तारांवरून पट्टा जाणार नाही, हे खाली वाकून पाहावे. चढविण्यास लागणारे हे काही मीटरचे अंतर हळू कापल्यास सहसा अपाय होत नाही.

नाइलाज झाला तर

महामार्गाच्या मधल्या पट्ट्यात, आंधळ्या वळणावर किंवा रेल्वे फाटकात गाडी अडली, तर क्रेनची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. मोटर वाचविण्यापेक्षा माणूस वाचविणे केव्हाही महत्त्वाचे. अशा प्रसंगी गाडी ढकलून किंवा दोराने हळू ओढून सुरक्षित कडेपर्यंत नेण्यास हरकत नाही. काही उत्पादक कमी वेगात थोडे अंतर ओढण्याची मुभा देतातही; ती किती, हे पुस्तकात पाहावे. मात्र ही मुभा धोक्याच्या जागेतून बाहेर पडण्यापुरती आहे. 'आता दोर लावलाच आहे, तर गॅरेजपर्यंतच सोडू' हा मोह टाळावा.

किल्ली 'ऑन' नसेल, तर स्टिअरिंगचे कुलूप पडू शकते. ब्रेकला मदत करणारा पंप आणि स्टिअरिंग हलके करणारी मोटरही विजेवरच असतात. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर ब्रेकचे पॅडल दगडासारखे घट्ट लागते आणि स्टिअरिंग जड होते. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गाडी रोखण्याची विजेवरच्या चालकाला लागलेली सवय अशा वेळी कामास येत नाही, कारण मोटरकडून मिळणारा तो आधार बंद असतो. हे ठाऊक नसलेला चालक पहिल्या वळणावरच गोंधळतो. म्हणून निघण्यापूर्वी जागेवरच पॅडल दाबून पाहावे. ते घट्ट लागत असेल, तर दोराने ओढूच नये.

दोराच्या निवडीलाही महत्त्व आहे. लोखंडी साखळी मजबूत असली, तरी ताणली जात नाही. ढिला पडलेला दोर अचानक ताठ झाला, की सारा धक्का क्षणात हुकावर येतो. तोच धक्का शोषताना साखळी दोन सेंटीमीटर ताणली गेली आणि नायलॉनचा रुंद पट्टा पन्नास सेंटीमीटर, तर पट्ट्याच्या बाबतीत जोर सुमारे पंचविसाव्या हिश्श्यावर येतो. मात्र ताणलेला पट्टा तुटला, तर तो चाबकासारखा उलटतो. दोन गाड्यांच्या मध्ये किंवा दोराच्या रेषेत कोणीही उभे राहू नये.

घाटात दोर नकोच

कोल्हापूरहून कोकणात उतरणाऱ्या आंबा, करूळ, भुईबावडा आणि फोंडा या घाटांत टोचनाची जोखीम अनेक पटींनी वाढते. चढाचा हिशेब सरळ आहे. वीस मीटरला एक मीटर चढत जाणाऱ्या रस्त्यावर मालासह १,८०० किलो वजनाची गाडी ओढायची, तर केवळ चढापोटी ९० किलोंचा अतिरिक्त जोर लागतो. दहाला एक असा चढ आला, की तो १८० किलो होतो. वळणावर दोर तिरपा ओढला जातो आणि मागची गाडी आतल्या बाजूला खेचली जाते.

उतार त्याहून घातक. तेथे मागची गाडी पुढच्या गाडीवर चालून येते, दोर ढिला पडून चाकाखाली सापडू शकतो आणि सारी भिस्त मागच्या गाडीच्या ब्रेकवर राहते. बराच वेळ दाबून धरलेले ब्रेक तापून निकामी होतात. घाटात गाडी बंद पडली, तर ती शक्यतो डोंगराच्या बाजूला घ्यावी, चाकांना दगड किंवा ठोकळे द्यावेत, मागे किमान पन्नास मीटरवर परावर्तक त्रिकोण ठेवावा, दिव्यांची उघडझाप सुरू करावी आणि फ्लॅटबेडची वाट पाहावी. रात्रीच्या धुक्यात गाडीत बसून राहण्यापेक्षा कठड्याच्या पलीकडे सुरक्षित जागी थांबणे बरे.

पुरात सापडलेली गाडी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. अशा पाण्यात बुडालेली विजेवरची गाडी हे वेगळेच प्रकरण आहे. पाणी ओसरल्यावर ती वरून स्वच्छ दिसली, तरी बॅटरीच्या पेटीत ओल आणि गाळ शिरलेला असू शकतो. त्यामुळे आत शॉर्ट होऊन काही तासांनी किंवा काही दिवसांनीही आग लागू शकते. २०२२ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात आलेल्या 'इयान' चक्रीवादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या विद्युत वाहनांना अशा आगी लागल्या होत्या. आपल्याकडे पूर गोड्या पाण्याचा असतो, त्यामुळे धोका तुलनेने कमी असला, तरी तो नाही असे समजू नये.

अशी गाडी सुरू करण्याचा किंवा चार्ज करण्याचा प्रयत्न करू नये आणि दोराने तर मुळीच ओढू नये. ओल्या यंत्रणेत मोटर फिरवून वीज निर्माण करणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. तज्ज्ञाला बोलावून फ्लॅटबेडवरून ती हलवावी आणि इमारती व इतर वाहनांपासून सुमारे १५ मीटर दूर, उघड्यावर ठेवावी. अपघातात बॅटरीची पेटी चेपली असेल, तरीही हीच काळजी घ्यावी. पेटीतून फुसफुस आवाज, तिखट वास किंवा धूर येत असेल, तर दूर होऊन ११२ क्रमांकावर कळवावे.

कायदा आणि विमा

गाडी ओढण्याबाबत कायद्यातही स्पष्ट तरतुदी आहेत, पण त्या फारशा पाळल्या जात नाहीत. १९८९ च्या रस्ता नियमांनुसार बिघडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंतच ओढता येत असे. ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक चालक असणे किंवा तिची पुढची चाके क्रेनने उचललेली असणे आवश्यक होते. दोन गाड्यांतील अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसावे, दोर इतरांना सहज दिसावा, मागच्या गाडीवर पांढऱ्या पृष्ठभागावर किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत 'ऑन टो' असे लिहिलेले असावे आणि वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा जास्त नसावा, असे बंधन होते. २०१७ मध्ये या नियमांची जागा मोटार वाहन चालविण्याच्या नव्या विनियमांनी घेतली. त्यांतही ओढण्याबाबत स्वतंत्र तरतूद आहे. मात्र क्रेनने पुढची चाके उचलणे कायद्याला चालले, म्हणून ते मागच्या धुरीवरील मोटरला चालेलच असे नाही, हे चालकांनी लक्षात ठेवावे.

विम्याची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. २००२ च्या मोटार टॅरिफमधील व्यावसायिक वाहनांच्या प्रमाणित पॉलिसीत, बिघडलेली एक गाडी ओढत असताना ओढणाऱ्या गाडीचा विमा लागू राहतो. पण त्यासाठी मोबदला घेतलेला नसावा. शिवाय ओढल्या जाणाऱ्या गाडीचे आणि तिच्यातील मालाचे नुकसान त्यात येत नाही. म्हणजे पाचशे रुपये घेऊन टोचन लावणारा स्वतःचे संरक्षण गमावू शकतो आणि ज्याची मोटर जळते, त्याला त्या पॉलिसीतून काही मिळत नाही. त्यातच माहितीपुस्तकातील सूचना डावलून गाडी ओढली असेल, तर मोटरच्या वॉरंटीचा दावाही अडचणीत येतो. आपल्या पॉलिसीत रस्त्यावरील मदतीची जोड आहे का, असल्यास किती किलोमीटरपर्यंत आणि फ्लॅटबेड मिळणार का, हे नूतनीकरणाच्या वेळीच विचारून घ्यावे.

टोचनामागे परस्परांना मदत करण्याची एक चांगली परंपरा आहे. अडलेल्या चालकाला ओलांडून पुढे न जाता थांबणारा ट्रकचालक आजही या रस्त्यांवर भेटतो. ही परंपरा मोडण्याचे कारण नाही. विजेवरच्या गाडीसाठी तिचे रूप मात्र बदलावे लागेल. दोर देण्याऐवजी परावर्तक त्रिकोण मांडायला, माल उतरवायला, बारा व्होल्टचा आधार द्यायला किंवा फ्लॅटबेड येईपर्यंत सोबत थांबायला हात पुढे आला, तर अडलेल्या चालकाची गाडी आणि रोजीरोटी दोन्ही वाचतील.

हे लक्षात ठेवा

- नंबरपाटी हिरवी असेल, तर दोर किंवा हायड्रा लावण्यापूर्वी माहितीपुस्तक पाहा. ते नेहमी गाडीत ठेवा.
- १२ व्होल्टची बॅटरी उतरली आहे का आणि चार्जिंग संपले आहे का, हे आधी तपासा.
- मदत मागताना 'विजेवरची गाडी, फ्लॅटबेड हवा' असे सांगा.
- मोटर जोडलेली चाके जमिनीवर फिरू देऊ नका. खात्री नसेल, तर चारही चाके उचला.
- साखळी, पट्टा किंवा जॅक बॅटरीच्या पेटीला आणि नारिंगी तारांना लागू देऊ नका.
- जिवाला धोका असेल, तरच हळू ओढून कडेला घ्या आणि तेथेच थांबा.
- बुडालेली किंवा बॅटरी चेपलेली गाडी सुरू करू नका, चार्ज करू नका, ओढू नका.